टपाल कुठे अडले?



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमाला म्हटली की ज्ञानेश्वरी, शिवचरित्र, फार तर कांद्याचे भाव. त्यात संगणकाची प्रणाली बदलल्यावर बंद पडणारा ई-मेल कोठून आला? पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली ती लोकशिक्षणासाठी. आणि ज्या गोष्टीवाचून लोकांचे अडते ती त्यांना उलगडून सांगणे हेच लोकशिक्षण, असे मी माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे समजतो. अलीकडे लोकांचे या गोष्टीवाचून अडू लागले आहे. माझे तर अडलेच होते. त्याचीच हकीगत सांगण्यासाठी मी उभा आहे.

प्रथमच कबूल करतो की मी इंजिनिअर नाही. शाळेत नववीपर्यंत गेलो. पुढचे शिकलो ते कारखान्याच्या दारावर, कामगार कायद्याची जुनी पुस्तके उलगडून आणि चुका करून. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसे. मनीऑर्डर येणार नाही हे तिला ठाऊक होते. निदान दोन ओळींचे कार्ड यावे एवढीच तिची अपेक्षा. टपाल न येणे म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला ‘मेल येत नाही’ ही तक्रार क्षुल्लक वाटत नाही.

आता हकीगत. २०२५ सालच्या ऑक्टोबरात आमच्या युनियनच्या कार्यालयातील एकुलत्या एका संगणकाची प्रणाली बदलावी लागली. जुन्या प्रणालीची मुदत संपली, यापुढे ती सुरक्षित नाही, असे सर्वत्र सांगितले जात होते. आम्ही एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाला बोलावले. त्याने एका दुपारीत नवी प्रणाली घातली, पैसे घेतले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मेलचा कार्यक्रम उघडला तर आत काहीच नाही. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार गेला, आणि नवे काही येईना. त्या गृहस्थाला फोन केला. तो म्हणाला, “सगळे गेले असेल. नवे खाते उघडा.” आम्ही हात चोळीत बसलो. सणाचे दिवस होते. एकाने दुसऱ्यावर ढकलले आणि पाच दिवस असेच गेले.

त्या पाच दिवसांत बंद पडलेल्या एका लहान कारखान्यातील अठरा कामगारांच्या थकलेल्या ग्रॅच्युइटीची तारीख होती. ती अलीकडे ओढल्याची सूचना मेलने आली होती. मालकाचे वकील हजर राहिले. आमच्या बाजूची खुर्ची रिकामी. प्रकरण बुडाले नाही, पुढची तारीख मिळाली. पण ती दीड महिन्यानंतरची. अठरा घरांना दीड महिना थांबायला सांगणे, हे सांगणाऱ्यालाच कळते. त्यांच्यातील एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “अण्णा, पूर्वी टपाल आलं नाही तर पोस्टमनला तरी विचारता यायचं. आता कुणाला विचारायचं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते आमच्या एका सभासदाच्या मुलीने दिले. बारावीनंतर संगणकाचा अभ्यासक्रम केलेली ही मुलगी आठव्या दिवशी कार्यालयात आली, आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी तिने मला तीन प्रश्न विचारले. टपाल पेटीपर्यंत आले आहे का? पेटीची किल्ली तीच आहे का? आणि जुने टपाल तुम्ही ठेवत कोठे होता? मित्रहो, आजचे माझे सारे व्याख्यान म्हणजे या तीन प्रश्नांचा विस्तार आहे.

आधी मेलचा प्रवास समजून घेऊ. आपण आळेफाट्याचे लोक आहोत, आपल्याला हे समजावयास जड जाऊ नये. नाशिकचे पार्सल पुण्याच्या गाडीत, कल्याणचे नगरच्या गाडीत, असे फाट्यावर चालतेच. मेलही असाच एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे जातो. मात्र तो थेट तुमच्या टेबलावरील यंत्रात येऊन पडत नाही. मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या यंत्रात, ज्याला सर्व्हर म्हणतात, तुमच्या नावाची एक पेटी असते. टपाल त्या पेटीत पडते. तुमच्या संगणकावरील कार्यक्रम हा पेटीपर्यंत जाऊन टपाल आणणारा गडी आहे. गडी बदलला, आजारी पडला किंवा त्याची किल्ली हरवली, म्हणून पेटीतले टपाल नाहीसे होत नाही. ‘मेल गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा गडी गेलेला असतो.

ही व्यवस्था नवीही नाही. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला मेल पाठवला तो १९७१ साली. पत्त्यातील ‘ॲट’चे चिन्हही त्यांनीच योजले. आणि त्याच १९७१ साली आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला, परदेशाशी संदेशांची देवघेव करणारे विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. आपल्या लहानपणी आर्वीची ती प्रचंड पांढरी तबकडी आपण येताजाता पाहिली. आतून काय जाते ते मात्र कोणी विचारले नाही. सामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे तीस वर्षे झाली. आता तरी विचारले पाहिजे.

तर पहिला प्रश्न: टपाल पेटीपर्यंत आले आहे का? हे पाहण्यास बिघडलेला संगणक लागतच नाही. कोणाच्याही फोनवर किंवा दुसऱ्या यंत्रावर ब्राउझर उघडावा, आपल्या मेलसेवेच्या पानावर आपले नाव आणि पासवर्ड घालावा, आणि पेटीत डोकवावे. काम झाले की तेथून बाहेर पडावयास विसरू नये. नवे मेल तेथे दिसले तर समजावे की पेटी शाबूत आहे, दोष आपल्या यंत्रातील कार्यक्रमात आहे. तेथेही दिसले नाहीत तर दोष पत्त्यात, पाठवणाऱ्यात, किंवा पेटी भरून गेल्यात आहे. मग यंत्राशी झटापट करणे व्यर्थ. स्पॅम नावाचा कप्पाही पाहावा. सरकारी सूचना कित्येकदा तेथे जाऊन पडते. आमची तारखेची सूचना पहिल्या दिवसापासून पेटीत पडलेली होती. पाच मिनिटांचे काम आम्ही पाच दिवस केले नाही. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाला मी फार बोललो नाही, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रश्न किल्लीचा. पुष्कळ लोक सांगतात, “पासवर्ड बरोबर आहे, तरी यंत्र नाही म्हणते.” यात दोघेही खरे असतात. पूर्वी कार्यक्रमाला नाव आणि पासवर्ड दिला की तो पेटी उघडी. त्यात चोरांचे फावले. म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांसाठी ही साधी किल्ली बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही हॉटमेल व आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांपुरती ती १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. आता नवे कार्यक्रम तुम्हाला कंपनीच्या स्वतःच्या पानावर नेऊन तेथे ओळख पटवतात. जुन्या कार्यक्रमांना हे जमत नाही. गूगलच्या खात्यात अशा जुन्या कार्यक्रमासाठी सोळा अक्षरांची वेगळी किल्ली करून मिळते. तिला ॲप पासवर्ड म्हणतात. त्यासाठी खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी लागते. ही किल्ली एकदाच दाखवली जाते, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ती रद्द होते. जुन्या यंत्रात ती कोणीतरी कधीतरी घालून ठेवलेली असते. प्रणाली नव्याने घातली की ती पुसली जाते, आणि आपण नेहमीचा पासवर्ड घालून कपाळावर हात मारतो. अशा वेळी नवी किल्ली करावी. आमच्याकडे दोष होता तो हाच.

कधी गडीच निवृत्त झालेला असतो. विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ नावाचा साधा कार्यक्रम ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झाला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आले. कित्येकांनी प्रणाली बदलली तेव्हा ओळखीचे चित्र नाहीसे झाले, आणि त्यांना वाटले पत्रेच गेली.

आणखी दोन बारीक कारणे सांगतो, कारण ती कोणाला सुचत नाहीत. एक म्हणजे घड्याळ. जुन्या यंत्रातील बटणासारखा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते. मेलचा सर्व्हर आपली ओळख म्हणून जे प्रमाणपत्र दाखवतो त्यावर मुदत लिहिलेली असते. यंत्राच्या मते आज जर २०१५ साल असेल तर त्याला ते प्रमाणपत्र खोटे वाटते आणि ते दार लावून घेते. म्हणून प्रथम कोपऱ्यातील तारीख पाहावी. दुसरे म्हणजे अँटिव्हायरस. नव्या प्रणालीशी त्याचे जमले नाही तर तो मेलचा रस्ता अडवतो. तो थोडा वेळ बंद करून पाहावे, आणि पाहून झाल्यावर पुन्हा चालू करावा.

मेल येतात पण जात नाहीत, अशीही तक्रार असते. येण्याचे आणि जाण्याचे दार वेगळे आहे. आणणाऱ्या दाराचा क्रमांक पद्धतीप्रमाणे ९९५ किंवा ९९३, आणि पाठवणाऱ्याचा ५८७ किंवा ४६५ असतो. जुन्या सेटिंगात २५ हा क्रमांक असेल तर तो आता बहुतेक ठिकाणी चालत नाही. शिवाय जाण्याच्या कप्प्यात एखादे जड पत्र अडकले तर मागची सारी रांग थांबते. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा जड जोडपत्र जात नाही. सात-बारा आणि निकालपत्रांचे फोटो काढून एकाच पत्राला वीस-वीस जोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: जुने टपाल ठेवत कोठे होता? पेटीतून टपाल आणण्याच्या दोन रीती आहेत. १९८४ साली निघालेल्या रीतीला पॉप म्हणतात. तिच्यात गडी पेटीतले टपाल उचलून घरी आणतो, आणि तसे सांगितले असेल तर पेटी रिकामी करतो. मग त्या पत्राची जगातील एकुलती एक प्रत तुमच्या टेबलावरील यंत्रात. दुसरी रीत आयमॅप; ती १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी काढली. तिच्यात मूळ पत्र पेटीतच राहते, तुम्हाला यंत्रावर दिसते ती प्रत. पहिल्या रीतीत यंत्र पुसले तर पत्र गेले. दुसरीत यंत्र पुसले तरी पत्र राहते. पण येथे पत्र खोडले की ते पेटीतूनही खोडले जाते. आपली रीत कोणती, हे प्रणाली बदलण्यापूर्वी माहीत पाहिजे.

आमची रीत पहिली होती. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार यंत्रातील एका फाइलीत होता. आउटलुकच्या अशा फाइलीच्या नावाअखेर पीएसटी ही अक्षरे असतात. ती मुलगी म्हणाली, “काका, डिस्क पूर्ण पुसली नसेल तर आशा आहे.” विंडोजची नवी प्रणाली जुनीवर घालताना जुनी ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते, मात्र साधारण दहा दिवसांनी ती आपोआप काढून टाकली जाते. आमचा तो आठवा दिवस होता. त्या फोल्डरमध्ये आमच्या कार्यालयाच्या नावाचा कप्पा, त्यात डॉक्युमेंट्स, त्यात आउटलुकच्या फाइली, आणि तेथे आमची अकरा वर्षे जशीच्या तशी होती. तिने प्रथम ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, आणि मगच उघडली. आणखी दोन दिवस आम्ही हात चोळीत बसलो असतो तर मी आज या विषयावर बोलायला उभा राहिलो नसतो. राजीनामा देऊन घरी बसलो असतो.

पत्रे परत आली, पण त्यांना जोडलेली जुनी मराठी निवेदने उघडली तर ‘एबीसीडी’ची खिचडी! यात घाबरण्यासारखे काही नव्हते. पूर्वी आपण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप करीत होतो. त्यांत यंत्राच्या लेखी रोमन अक्षरच असे, त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवलेले. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की चित्र उतरते आणि खालची खिचडी दिसते. फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर वाचता येतो. कायमचा उपाय म्हणजे असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि नवे सारे युनिकोडमध्येच लिहावे.

येथे मला आपल्या गावाची आठवण होते. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आपल्या आळ्यात आहे. मुक्या प्राण्याचे बोल ऐकण्याचा वारसा आपला. मग मुके यंत्र अडले की पडद्यावर चार शब्द लिहून दाखवते, ते आपण का ऐकत नाही? आपण ते वाचण्याआधीच पुसून टाकतो. तो मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा, फोनने त्याचा फोटो काढावा. ‘पासवर्ड नाकारला’ आणि ‘सर्व्हर सापडला नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक किल्लीचा रोग, दुसरा रस्त्याचा. आणि घाबरून खाते काढून टाकू नये. पॉपच्या रीतीत तसे करणे म्हणजे आजार कळण्यापूर्वी पाय कापणे.

याच घबराटीवर चोर टपलेले असतात. “तुमचा मेल बंद होणार आहे, ओटीपी सांगा,” असा फोन किंवा पत्र आले तर समजावे की तो चोर. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे.

आता माझ्या खऱ्या धंद्याचे बोलतो. “मेल उघडला नाही, म्हणून नोटीस मिळाली नाही,” ही सबब चालेल असे आपल्याला वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे तेरावे कलम वाचा. उभय पक्षांत वेगळे काही ठरले नसेल, आणि तुम्ही मेलसाठी एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या पेटीत शिरला की तो मिळाला असे कायदा धरतो. तुम्ही तो वाचला का, तुमच्या यंत्राची प्रणाली कोणती, हे कायदा विचारत नाही. पूर्वी रजिस्टर टपालाची पोचपावती आपल्या सहीने होई. ते रजिस्टर टपालही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. मेलच्या पेटीत सही लागत नाही. पत्र पडले की जबाबदारी पडली. तसेच पुराव्याचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे अशा नोंदीची छापील प्रत दाखल करताना तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागते. म्हणून कागदावर छापून मूळ मेल खोडून टाकू नका. मालकाने चार वर्षांपूर्वी दिलेले आश्वासन त्या खोडलेल्या मेलमध्येच असते.

एक तक्रार मात्र मी जाहीरपणे करणार आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी यंत्रात काही नवे भाग असावे लागतात. ते नसलेली, एरवी धडधाकट चालणारी यंत्रे एका तारखेला म्हातारी ठरली. सुरक्षिततेची गरज मी नाकारत नाही. पण ज्या पतसंस्थेने, ज्या शाळेने, ज्या युनियनने वर्गणी काढून यंत्र घेतले, तिला ही तारीख ठरवताना कोणी विचारले नव्हते. कारखान्यात नवे यंत्र आणताना कामगाराला पूर्वसूचना द्यावी, यासाठी आम्ही लढलो. येथे ज्याच्याशी लढावे असा मालक फाटकावर उभा नाही. म्हणून तूर्त आपली तयारी हेच आपले बळ.

ती तयारी थोडक्यात सांगतो. प्रणाली बदलण्यापूर्वी मेलच्या फाइलीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का हे दुसऱ्या यंत्रावर पाहा. संस्थेचा मेल एका माणसाच्या नावाचा नसावा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन निवृत्त चिटणीसाचा नसावा. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो रुसलेला असतो! किमान दोघांना सारे माहीत असावे. दोन वर्षे न वापरलेले खाजगी खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अंमलात आणले आहे. तेव्हा जुनी खाती अधूनमधून उघडत जा. आणि यंत्र चालू असो वा बंद, रोज सकाळी कोणीतरी एकाने फोनवरून पेटीत डोकवावे. आमच्या कार्यालयात आता त्याची वही आहे. पाहणारा वेळ लिहून सही करतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, तेव्हा त्यांच्याजवळ साधने किती तुटपुंजी होती! आपल्या हातात इतके असून आपण एक वही ठेवू नये?

दीड महिन्यानंतरच्या तारखेला आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो. परत मिळालेल्या त्या अकरा वर्षांत मालकाच्या कार्यालयाने पाठवलेला एक मेल होता. त्यात अठराही जणांच्या नोकरीची वर्षे त्यांच्याच हाताने लिहिलेली होती. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी बाहेर आल्यावर उत्तर दिले. म्हटले, “बाबा, तुम्ही विचारलंत ना, आता कुणाला विचारायचं? आता मला विचारायचं. टपाल कुठे अडलं, ते शोधायला मी शिकलोय.”

आपल्यापैकी प्रत्येक संस्थेत, प्रत्येक वाडीत असे उत्तर देणारे दोघे तयार झाले, तर आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी समजेन.